बिनधुराचा माळा

इचिनोमिया, २ सप्टेंबर १९६२

वहिनीस किनुएचा नमस्कार.

परवाच्या ट्रकने एक खोकं पाठवलंय. दचकू नकोस, आत गॅसची शेगडी आहे. सोबतची टाकी संपली की ट्रकवालाच बदलून देईल, मी त्याला बजावून ठेवलंय. तेइझो म्हणाले, "तुझी वहिनी त्या शेगडीवर फुलदाणी ठेवेल, लिहून घे." नवऱ्याला खोटं पाडायची संधी मला रोज मिळत नाही, तेवढी लाज राख.

तुझ्या डोळ्यांसाठी पाठवलीय. वसंतात दादांच्या वर्षश्राद्धाला आले होते, तेव्हा तू सुई माझ्यापुढे धरलीस आणि म्हणालीस, "ओवून दे, आज उजेड कमी आहे." बाहेर लख्ख ऊन पडलं होतं गं. घराच्या मधोमध जमिनीत ती चूल, धुराला बाहेर जायला वाट नाही, आणि तू एकटी तिच्यापाशी बसून डोळे पुसतेस. पुरे झालं आता.

आणि दर वेळचं विचारते, इकडे राहायला कधी येतेस? तुझं उत्तर मला पाठ आहे. माळा भरलेला आहे, तो टाकून कशी येऊ. दुष्काळात खायच्या म्हणून रानातल्या तोचीच्या झाडांच्या त्या कडूजहर बिया अकरा माणसांना तीन वर्षं पुरतील एवढ्या आईने वर रचल्या, आणि मरताना तुझ्याकडून वचन घेतलं की माळा वाया जाऊ देणार नाहीस. वहिनी, अकरा माणसं कुठे आहेत? तू एक, मी एक. आणि मी तर कोपऱ्यावरच्या दुकानातून तांदूळ आणते.

शेगडी वापर. माझी शपथ आहे.

तुझी किनुए

*

काजितानी, ३० सप्टेंबर १९६२

किनुएस आशीर्वाद.

वन्सं, तुझी शेगडी पोचली. ट्रकवाल्याने काडी लावली तेव्हा ती फुस्स करून पेटली आणि मी शेजारच्या गेन्पाचींच्या बायकोच्या, ओकिसाच्या, मागे लपले. ओकिसा माझ्या मागे लपायला बघत होती, त्यामुळे आम्ही दोघी बराच वेळ गोल फिरत राहिलो. आता मात्र सवय झाली. चहा होतो, पण तो कधी झाला ते कळतच नाही. पूर्वी पाणी उकळेपर्यंत माझे चार मोजे रफू व्हायचे.

या वर्षी तोचीची वेचणी पंधरा तारखेला उघडली. गावात चार घरं, पाच म्हातारी माणसं, तरी गेन्पाचींनी पहाटे फळी बडवल्याशिवाय कोणी एक बी उचलली नाही. आदल्या दिवशी मी ओढ्याकाठच्या झाडाखालून येत होते, तर एक बी थेट माझ्या खांद्यावर पडली. चांगली टपोरी, चकचकीत. मी ती उचलून परत झाडाच्या बुंध्याशी ठेवली. दुसऱ्या दिवशी ती ओकिसाला मिळाली! भर रानात मी तिच्याकडे अशी बघत राहिले की बिचारी म्हणाली, "घे बाई, तूच घे."

सात पोती झाली. पाण्यात बुडवून काढली, दहा-बारा दिवस अंगणात वाळवली, आणि काल एकटीने माळ्यावर चढवली. गुडघ्यांचं विचारू नकोस.

चूल मी विझवली. किती पिढ्यांनी ती पहिल्यांदा थंड पडली कोण जाणे. सासूबाई म्हणायच्या की माळा धुरावर जगतो, पण बिया खडखडीत वाळल्यात, एखाद्या हिवाळ्याने काय होतंय. पायांना ऊब म्हणून गेन्पाचींचा कोळसा आहे. संध्याकाळी घर एवढं स्वच्छ दिसतं की कुणा परक्याकडे पाहुणी आल्यासारखं वाटतं. मग मी उगाच ओसरीच्या कडेला बसते आणि डोंगरावरचं धुकं ओढ्यात उतरताना बघते. कधी दिवस बुडाला ते समजत नाही.

तेइझोंना सांग, फुलदाणी खिडकीत आहे.

सावाए

*

इचिनोमिया, २० ऑक्टोबर १९६२

वहिनी,

पत्र वाचून तेइझोंनी कान पकडले. माझा दिवस सोन्याचा झाला.

इकडे दिवसभर माग चालतात. दुपारी जरा पडले की त्या आवाजातच डोळा लागतो, आणि स्वप्नात मी नेहमी तुझ्या मांडीवर असते. तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी बारा वर्षांची होते, म्हणजे मांडीवर बसायचं वय नव्हतं, तरी मी बसायचे आणि तू माझे केस विंचरायचीस. वरून, माळ्यातून, धुरकट गोडसर वास यायचा. जागी झाले की नाकात तोच वास असतो आणि बाहेर सुताची धूळ.

माळ्यावर सगळं ठीक ना? सहज विचारलं.

किनुए

*

काजितानी, १८ नोव्हेंबर १९६२

किनुए,

काल एक चमत्कार झाला. स्वप्न पडलं की घरात बर्फ पडतोय. बाहेर ऊन आणि आत बर्फ, अगदी हलका, आवाज नसलेला. सासूबाई, तुझे दादा, मोठे दीर, सगळे आपापल्या जागी जेवायला बसलेले, आणि त्यांच्या खांद्यांवर बर्फ साचतोय. कोणी झटकत नाही. मी वाढतेय आणि मनात म्हणतेय, एवढी माणसं आहेत, भात पुरेल का. मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू, उठूच नये असं.

उठले तर पांघरुणावर खरंच पांढरं काहीतरी पडलेलं. बोटाने उचललं, थंड नव्हतं. पिठासारखं बारीक. वर बघितलं तर माळ्याच्या बांबूंच्या फटींतून, उन्हाच्या एका तिरिपेत, ते अजून पडत होतं. फार सुंदर दिसत होतं. मी तशीच बघत पडून राहिले.

छपराचं जुनं गवत असेल. तुला काय वाटतं? तू या घरातली लेक, तुला जास्त माहीत.

ओकिसाने मुळे खारवलेत, तुझ्यासाठी एक बरणी बाजूला काढलीय. हिवाळ्यासाठी इथे तांदळाची तीन लहान पोती घ्यायची पद्धत, पण मी यंदा एकच घेणार. वर एवढं असताना उगाच कशाला.

सावाए

*

इचिनोमिया, २६ नोव्हेंबर १९६२

वहिनी,

गवतच असेल. जुनं झालंय छप्पर, भुगा पडायचाच. तू वर चढू नकोस हं, तुझे गुडघे असे, शिडी तशी. झाडून टाक आणि विसरून जा.

त्यापेक्षा नव्या वर्षाला इकडे ये ना. खरंच ये. तेइझो स्टेशनवर येतील. आणि आलीस की घाईने परत जायचं नाव काढू नकोस. तांदूळही नको घेऊस, एका माणसासाठी कशाला घर भरायचं?

मला आजकाल झोप नीट लागत नाही. तू आलीस की लागेल.

किनुए

*

काजितानी, २० डिसेंबर १९६२

किनुए,

तू नको म्हणालीस, पण मी वर चढले.

पुढच्या रांगेतल्या पोत्याला हात लावला तर हात आतच गेला. आत नुसती टरफलं, आणि किडे. दुसरं पोतं तसंच, तिसरं तसंच. या वर्षीची सात, मागच्या वर्षीची, त्याच्या आधीची. जिथे हात घालावा तिथे भुगा. तो सगळा भुगा महिनाभर माझ्या अंगावर पडत होता आणि मी त्याला बर्फ समजून खुशाल निजत होते. मागच्या बाजूला, चुलीच्या बरोबर वर, सर्वांत जुनी पोती आहेत, तिथपर्यंत जाववलं नाही. शिडीवर बसूनच मी मोठ्याने रडले.

आपल्या घराची रीत तुला ठाऊक आहे, ताजं खायचं आणि जुनं राखायचं. सासूबाईंनी एक कठीण साल येईल म्हणून आयुष्यभर जपलं, त्यांच्या आधी त्यांच्या सासूने जपलं, आणि माझ्या हातात सगळं मातीमोल झालं. धूर नाही म्हणून झालं, दुसरं काही नाही.

तू बोलावतेस, पण मी येणार नाही. साठा बुडवून मी कुठल्या तोंडाने खाली येऊ? वाया जाऊ देणार नाही म्हणून वचन दिलं होतं, आणि बुडवल्यावर दुसऱ्याच्या घरचा भात कसा गिळायचा? इथेच राहीन.

तांदूळ एक पोतं आहे. नवं वर्ष झालं की ट्रकने आणखी दोन मागवते. काळजी करू नकोस.

सावाए

*

इचिनोमिया, १७ जानेवारी १९६३

वहिनी,

रेडिओवर सारखं तिकडच्याच बर्फाचं सांगतायत. आठ दिवस झाले, थांबायचं नाव नाही. छपरं गाडली गेली, आगगाड्या अडकल्या, लोक वरच्या खिडकीतून ये-जा करतायत म्हणे. मी टपाल कचेरीत गेले. तिथला कारकून म्हणाला, "बाई, पत्र घेतो, पण डोंगराच्या पायथ्याला थांबेल. पुढे कोणीच जात नाहीये." मी म्हटलं, "ट्रक?" तो हसला, मग माझं तोंड बघून हसायचा थांबला.

तुझे तांदूळ आले होते का गं? बर्फाच्या आधी ट्रक पोचला होता का? एवढं एकच सांग. टाकी संपली असेल तर काय करतेस? वर जे होतं ते...

पुढे लिहवत नाही. उद्या लिहिते.

किनुए

*

इचिनोमिया, २ फेब्रुवारी १९६३

वहिनी,

"उद्या" म्हटलं त्याला पंधरा दिवस झाले. हेही पत्र पायथ्याशीच पडून राहणार हे ठाऊक आहे, म्हणूनच लिहायचं धाडस होतंय.

शेगडी मी तुझ्या डोळ्यांसाठी पाठवली नव्हती. म्हणजे डोळ्यांसाठीही होतीच, पण आधी दुसऱ्यासाठी. चूल विझली की माळ्याला कीड लागते, हे मला अक्षर ओळखायच्या आधीपासून माहीत आहे. लहानपणी आई गावाला गेली की चुलीत ओंडका सरकवायचं काम माझंच असायचं. मी विचार केला, माळा गेला की वहिनीला तिथे धरून ठेवणारं काही उरणार नाही. मग ती येईल. खोकं बांधताना मी गाणं म्हणत होते, वहिनी.

तू पांढऱ्या भुग्याचं लिहिलंस तेव्हा मला लगेच कळलं. तेव्हाही चूल पेटव म्हणून लिहिता आलं असतं. मी लिहिलं, गवत असेल. वर तांदूळही घेऊ नकोस म्हणून सांगितलं! आणि आता तू एका पोत्यावर बर्फाखाली बसली आहेस. तुझ्या डोक्यावर जे पिढ्यांचं अन्न होतं ते मी इथे बसून मारलं.

मला तू हवी होतीस, एवढंच. आई गेली तेव्हा मी एवढी रडले नाही, कारण तू होतीस. मी दर हिवाळ्यात स्वप्न बघते की कोणीतरी दार उघडतंय आणि तू आत थंड पडलेली आहेस, आणि मी दुकानात तांदूळ मोजून घेतेय. या वेळी ते खरं झालं तर ते मी केलेलं असेल.

तेइझो दोनदा पायथ्यापर्यंत जाऊन आले. पोलिसांनी पुढे सोडलं नाही. आज सकाळी ते भाताचं ताट समोर घेऊन बसले आणि न जेवता उठले. मीही.

जिवंत असशील तर मला वाटेल ते बोल. फक्त बोल.

किनुए

*

काजितानी, ९ मार्च १९६३

किनुए, बाळ,

आज टपालवाला पायांना बर्फावर घसरायच्या फळ्या बांधून आला. तुझी दोन्ही पत्रं एकदम दिली आणि म्हणाला, "पायथ्यापर्यंत कोणीतरी पुन्हा पुन्हा विचारायला येतं, तुम्ही आहात का म्हणून. काय सांगू?" मी म्हटलं, "सांग, आहे आणि भूक लागलीय." पाचहीजण आहोत. गेन्पाचींच्या पायाची दोन बोटं बर्फाने काळी पडलीत, पण तोंड शाबूत आहे.

आता तुझं दुसरं पत्र. वाचून मला आधी राग आला आणि मग हसू आलं. तू काय मला खुळी समजतेस का गं? चौतीस वर्षं मी त्या धुरात डोळे फोडले. खोकं उघडलं आणि शेगडी बघितली, त्याच क्षणी मला कळलं की माळ्याचं काय होणार. ट्रकवाल्याने शेगडी पेटवून दाखवली आणि तो गेल्यावर मी माझ्या हाताने चुलीवर पाणी ओतलं. तुला लिहिलं, एखाद्या हिवाळ्याने काय होतंय. ते तुला फसवायला लिहिलं की स्वतःला, देव जाणे.

दमले होते, किनुए. कुठेही जायचं झालं तर संध्याकाळच्या आत परत, कारण चूल. तुझ्या लग्नात मी एक रात्र राहिले नाही, आठवतं? तुझे दादा गेले त्या दिवशीही मध्येच उठून ओंडका सरकवून आले. आणि हे सगळं ज्यांच्यासाठी, ते एकेक करून स्मशानात गेले. मला वाटलं, किड्यांनी खाल्लं तर माझा काय दोष? शेगडी वन्संनी पाठवली. मग मी सुटले. असा माझा हिशोब होता. पण प्रत्यक्ष हात त्या भुग्यात गेला तेव्हा मी माझंच तोंड बघू शकले नाही. डिसेंबरात मी घरात चोर शिरल्यासारखं तुला रडून लिहिलं. चोर मीच. ते कबूल केलं नाही आणि तुला सगळं एकटीला जळत ठेवलं, त्याची माफी मी मागायची आहे, तू नाही.

आता ऐक. ट्रक आलाच नाही. दहा जानेवारीच्या आसपास टाकी संपली आणि सतराला तांदळाचा तळ दिसायला लागला. मी शिडी लावली आणि या वेळी मागपर्यंत गेले. चुलीच्या बरोबर वरची पोती काळी कुळकुळीत झालेली, काजळी बोटभर. सुरी घातली तर आत बिया दगडासारख्या. फोडून बघितल्या तर आतून पिवळ्या, स्वच्छ! एवढा धूर पोटात गेल्यावर किड्याची काय छाती आहे. अकरा पोती धड होती.

प्रत्येकाला लाकडाची चकती बांधलेली होती, साल आणि वेचणाऱ्याचं नाव. एका चकतीवर तुझ्या जन्माचं साल होतं. ओली बाळंतीण असताना सासूबाई रानात गेल्या होत्या, तू पाठीवर.

मी चूल पेटवली. बाकीच्या तीन घरी पण तोची होती, पण माझं बघून त्यांनीही टाक्या आणल्या होत्या, त्यामुळे कामापुरती राख नव्हती. शेतात फेकून मोकळे झालेले. आणि राखेशिवाय तोची म्हणजे विष. माझ्या थंड चुलीत मात्र हातभर राख तशीच पडून होती. मग सगळे बर्फातून बोगदा खणून माझ्याकडेच राहायला आले. चुलीभोवती पाचजण. बिया कोमट पाण्यात भिजवायच्या, सोलायच्या, ओढ्यात आठ दिवस ठेवायच्या, राखेत मुरवायच्या. पहिल्या वेळी घाई केली. गेन्पाचींनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "माझी सासू समोर दिसली." ओकिसाने त्यांना त्या अवस्थेतही चिमटा काढला. दुसऱ्या वेळी मात्र जमलं. उरलासुरला तांदूळ मिसळून लाडू केले, वाफ निघत होती, आणि सगळ्यांनी बोटं चाटली.

किती दिवस तसे गेले मला सांगता येणार नाही. खिडक्या बर्फाखाली, त्यामुळे दिवस निळसर आणि रात्र जरा जास्त निळसर. धूर वर जायचा, आम्ही अर्धवट झोपेत, कोणीतरी जुनं काहीतरी सांगायचं, दुसरं झोपेतच हुंकार द्यायचं. कधी वाटायचं घरात पाचपेक्षा जास्त माणसं आहेत, आणि मला त्याचं मुळीच नवल वाटायचं नाही. मी वाढत राहायचे. तुझ्या सालाचं पोतं आम्ही फेब्रुवारीच्या सुरुवातीला खाल्लं, म्हणजे तू ते पत्र लिहीत होतीस त्याच सुमाराला. गोड होतं गं.

अकरावं पोतं संपलं आणि तीन दिवसांनी लष्कराची माणसं तांदूळ घेऊन पोचली.

काल मी माळा झाडून काढला. सगळा. चौतीस वर्षांत मला त्याची जमीन कशी आहे ते माहीत नव्हतं. वाया गेलं ते माझ्या हातून गेलं, ते मी सासूबाईंना वर भेटल्यावर सांगेन, त्या बोलतील, मी ऐकून घेईन. पण ज्याच्यासाठी राखलं होतं ते कठीण साल आलं आणि माणसांनी ते खाल्लं. आता मला खाली यायला तोंड आहे. गेन्पाची आणि ओकिसाही मुलाकडे चाललेत.

बस अठरा एप्रिलला सुरू होते म्हणतात, मी पहिल्याच बसने येते. राहायला येते, परत जायचं नाव काढणार नाही. स्टेशनवर अख्खं घर घेऊन येऊ नकोस, एकटी ये. आणि एक सांगते, गुडघ्यांचा विचार करून मला खालची खोली देशील, ती नको. जिना चढायला वेळ लागला तरी चालेल, वरची दे. इतकी वर्षं मी त्या पोत्यांच्या खाली निजले. आता माझ्या डोक्यावर काही नको.

तुझी वहिनी,
सावाए